मंगळवारी सोडलेलं विमान

आधीच सांगून टाकतो, हे वाचून कोणाला तिथे सहलीला जायचं असेल तर माझा काडीचाही उपयोग नाही. गावाचं नाव मी लिहिणार नाही, विमान कंपनीचंही नाही. माझी मुलगी नाझनीन तिथे विमानांची देखभाल करणारी इंजिनिअर आहे. तिची चौकशी चालू आहे आणि बापाच्या लिखाणानं तिला आणखी फाटे फुटायला नकोत. तिनं हे वाचलंय. "लिहा अब्बा, पण स्वतःला चांगलं दाखवू नका," एवढीच तिची अट. बघू, जमतंय का ते.

वरचा आसाम, एवढा पत्ता पुरे. एप्रिलच्या सुरुवातीला मी आणि माझी बायको हमीदा, दोघं गेलो. राहतो धायरीला, मूळचे भवानी पेठेतले. आडनाव तांबोळी, आणि आजोबांपर्यंत खरोखरच पानाचं दुकान होतं. मी मात्र चौतीस वर्षं लोणी काळभोरला एका खासगी बस कंपनीच्या गॅरेजमध्ये काढली, त्यातली शेवटची पंधरा फोरमन म्हणून. नाझू शाळेच्या सुट्टीत माझ्याबरोबर यायची आणि बसखाली सरपटत जाऊन "हे काय, ते काय" विचारून मेकॅनिकांचा जीव खायची. घरात आम्ही अर्धं दखनी, अर्धं मराठी बोलतो. इथे सगळं मराठीत घेतो, म्हणजे भानगड नको.

सोमवार

पुण्याहून कोलकाता, तिथून पुढे. कोलकात्याच्या विमानतळावर चार तास काय केलं हे लिहिण्यासारखं नाही, कारण काहीच केलं नाही. संध्याकाळी उतरलो तर जिन्याच्या पायथ्याशी पिवळं जाकीट घातलेली नाझू उभी. हमीदाला तिथेच रडू फुटलं. "उन्हानं किती काळी पडलीय पोरगी," म्हणाली. मी म्हटलं, पोरगी विमानं सांभाळते आणि तुला रंग दिसतोय! पण रुमाल मीही काढला होता, उगाच खोटं कशाला बोलू.

नाझू ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते त्या बरुआबाई. तिकडे थोरल्या बहिणीला बाईदेउ म्हणतात, म्हणून सगळं गाव त्यांना बाईदेउ म्हणतं. पाहुणा आला की आधी पाणी, चहा वगैरे नाही. खाली उंच पाय असलेल्या पितळी तबकात पान आणि तामूल, म्हणजे ओली सुपारी, पुढे येते. मी नाझूला म्हटलं, "सांग त्यांना, आम्ही तांबोळी आहोत. सात पिढ्या पान खाल्लंय." आणि ऐटीत दोन मोठे तुकडे तोंडात टाकले.

तीन मिनिटांत कानशिलं तापली, घामानं सदरा भिजला आणि समोरच्या बाईदेउ दोन दिसायला लागल्या. मला पलंगावर आडवं केलं, मीठ चाटवलं, पंखा लावला. बाईदेउ हसून हसून बेजार. हमीदा शांतपणे म्हणाली, "सात पिढ्यांत एवढी अब्रू कोणी घालवली नव्हती."

मंगळवार

तिकडे पाचलाच लख्ख उजाडतं. चहाच्या मळ्यांची घड्याळं तर सरकारी वेळेच्या तासभर पुढे असतात, तिथल्या लोकांनी सूर्याशी परस्पर तडजोड करून टाकलीय. पुण्यात एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणतील, तासभर पुढे कशाला, मागे करा.

सकाळी मळा बघून आलो. मळा म्हणजे डोंगरउतार असणार असं माझ्या डोक्यात होतं. हा तर सपाट, टेबलावर हिरवी चादर घातल्यासारखा, आणि मध्ये मध्ये सावलीची उंच झाडं. पानं खुडणाऱ्या बायका एकमेकींना ओरडून काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या. हमीदानं त्यांच्याकडून खुडायचं कसं ते शिकून घेतलं, दोन पानं आणि एक कोंब. मला नाही जमलं.

दुपारी नाझू तासाभरासाठी जेवायला घरी आली. बाईदेउंनी खार केला होता. केळीच्या सालीची राख पाण्यात भिजवून ते पाणी भाजीत घालतात. राख म्हटल्यावर मी दचकलो, पण चव अशी की पुन्हा मागून घेतला. माशाचं आंबट कालवण होतं, मोहरीच्या कच्च्या तेलात कुस्करलेला बटाटा होता. नाझू भात चिवडत बसली होती.

"अब्बा, एक विचारू?" म्हणाली. "आज तीनचं जे विमान येतंय ना, त्याच्या पोटाखाली एक झाकण आहे. आत हायड्रॉलिकचा पाइप. बेसवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य हँगरमध्ये, परवा ते झाकण उघडून पाइप तपासलाय, असं आज आलेल्या जॉब कार्डवर लिहिलंय. सहीसुद्धा आहे. पण काल ते विमान इथे आलं तेव्हा मी बघितलं, स्क्रूंवर जुनी धूळ जशीच्या तशी. रंगसुद्धा तडकलेला नाही. ते झाकण कोणी उघडलेलंच नाही."

उघडलेला स्क्रू लपत नाही, हे तिला मीच शिकवलेलं. पान्याची खूण राहते, रंगाचा टवका जातो.

"मग तू उघड," मी म्हटलं.

"दीड तास लागतो. विमान इथे चाळीस मिनिटं थांबतं. मॅनेजर म्हणतात, कार्ड पूर्ण आहे, झाकण तुझं काम नाही, तू फक्त विमान सोडायची सही कर."

"त्या पाइपवर काय चालतं?"

"ब्रेक. चाकं. बरंच काही."

आता मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "हे बघ बेटा, कागद पूर्ण आहे. ज्याची सही त्याची मान. तू नवी आहेस, पहिल्याच वर्षी विमान अडवलंस तर कायमची डोळ्यांवर येशील. सही कर आणि सोड. सगळीकडे असंच चालतं."

"तुम्ही केलीय कधी? न बघता?"

"शेकड्यांनी. काय झालं? काही नाही झालं."

हमीदा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. नाझूला माहीत नव्हतं.

आमच्या गॅरेजमध्ये रोज सकाळी प्रत्येक बसचा तपासणीचा तक्ता भरायचा नियम होता. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे. मी सोमवारीच बसून शनिवारपर्यंतचा भरून टाकायचो. एका दिवशी भरलाय असं दिसू नये म्हणून निळं, काळं, परत निळं, अशी पेनं बदलायचो. ही युक्ती माझीच, आणि मला तिचं कौतुक होतं. एकदा कॉलेजच्या मुलांची बस जेजुरीला निघाली होती. लोणीचाच मेकॅनिक पांडुरंग धावत आला, "सायेब, डाव्या चाकाला वास येतोय. ब्रेकचं लायनर गेल्यालं हाय. गाडी काढू नका." पोरं पिशव्या घेऊन दारात उभी. मी गाडी सोडली. परतताना दिवे घाटात ब्रेक लागेना. ड्रायव्हरनं डोंगराला घासून गाडी थांबवली म्हणून सगळे वाचले, पण एका मुलाचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तक्त्यावर त्या तारखेला ब्रेकपुढे बरोबरची खूण होती. चौकशीत ड्रायव्हरचा वेग जास्त निघाला. मी गप्प बसलो.

हे सांगायची वेळ होती ती. मी भातावर आणखी खार वाढून घेतला.

संध्याकाळी नाझू आली, बूट काढले आणि म्हणाली, "सोडलं." मी म्हटलं, "शहाणी आहेस."

बुधवार

तिची सुट्टी होती. आम्हाला ब्रह्मपुत्रा दाखवायला घेऊन गेली. मुठेच्या काठानं आयुष्य काढलेल्या माणसानं त्या पाण्यासमोर काही बोलू नये. पलीकडचा काठ दिसतच नाही. मी नावाड्याला विचारलं, समुद्र किती लांब आहे इथून? तो माझ्याकडे बघतच राहिला. बोटीत माणसं, सायकली, तीन मोटारसायकली, कोंबड्यांची एक टोपली आणि एक नवरदेव. बोट हलली तशी हमीदाची एक चप्पल पाण्यात गेली. लोकांनी हळहळ केली, एकानं बांबूनं काढायचा प्रयत्न केला, पण ती केव्हाच बांगलादेशच्या वाटेला लागली होती. दुसरी चप्पल तिनं दिवसभर हातात धरून ठेवली. का, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

नाझू सारखी फोन बघत होती. विमानं कुठे आहेत ते दाखवणारं काहीतरी त्यात असतं. एक ठिपका उतरला की तिचे खांदे जरा खाली यायचे, थोड्या वेळानं तो परत उडायचा. मला कळत होतं ती कुठला ठिपका बघतेय.

"अब्बा, गाडी सोडल्यावर ती परत येईपर्यंत तुम्ही काय करायचात?"

"दुसरी गाडी उभी असायची," मी म्हटलं. आणि हे खरं होतं.

गुरुवार

निघायचा दिवस. बाईदेउंनी आमच्या गळ्यात लाल काठाचे गामोसे, म्हणजे तिकडचे मानाचे पंचे, घातले आणि मला एका पुडीत तामूल बांधून दिलं, "पुण्याच्या तांबोळ्यांसाठी" म्हणून. नाझूची ड्यूटी होती, ती आधीच गेली होती. आम्हाला खिडकीजवळच्या जागा तिनंच बघून दिल्या होत्या. विमान कुठलं, ते मी विचारलं नव्हतं. जिना चढताना तिला विमानाच्या पोटाखाली वाकून वर बघताना पाहिलं, तेव्हा विचारायची गरज राहिली नाही.

सगळे बसले. दार कोणी बंद करेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. खिडकीतून मला दिसत होतं, पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ, बहुधा तिचे मॅनेजर, नाझूसमोर हातवारे करून बोलत होते आणि ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही. मग तिनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि विमानाखाली शिरली. ते गृहस्थ फोन कानाला लावून तरातरा निघून गेले. थोड्या वेळानं कॅप्टननं सांगितलं, तांत्रिक कारणानं उशीर होतोय.

आमच्या पुढच्या रांगेत पुण्याचाच एक सहलीचा ग्रुप होता. त्यातले सहकारनगरचे एक काका खिडकीतून वाकून बघत मोठ्यानं म्हणाले, "पोरगी आहे हो खाली! नवशिकी दिसतेय. अहो, एवढं काय बघायचं असतं? सही करायची आणि सोडायचं. सगळीकडे असंच चालतं."

माझेच शब्द. शेवटचं वाक्य तर काना-मात्रेसकट. माझ्या मांडीवर गामोसा होता, त्याची मी घडी करत बसलो. काका पुढे बोलतच होते, हिला लायसन कोणी दिलं, आमचं कोलकात्याचं पुढचं विमान चुकलं तर हिचे आईबाप भरून देणार का.

"आईबाप मागेच बसलेत," हमीदा म्हणाली. ती उभी राहिली होती. "माझी मुलगी आहे ती. काही भरून घ्यायचं असेल तर सांगा. नाहीतर बसा खाली."

काका वळले, हमीदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा एकदम सैलावला.

"असं होय! अहो, मग आधी सांगायचं ना. आईबाप आत आहेत म्हटल्यावर पोरगी नीटच बघणार. निवांत बसा रे सगळे."

लोक हसले. कोणीतरी चिक्की काढली, ती आमच्यापर्यंत आली. मलाही बरं वाटलं, खोटं का सांगू. छाती फुगली.

तासाभरानं सगळ्यांना उतरवलं. नाझू विमानतळाच्या इमारतीत आमच्याकडे आली तेव्हा कोपरापर्यंत काळी झाली होती. पाइपला धरून ठेवणारा क्लॅम्प तुटला होता, पाइप शेजारच्या पट्टीला घासून घासून एका जागी चकचकीत झाला होता. अजून दोन दिवस टिकला असता की दोन वर्षं, ते कोणीच सांगू शकत नाही, म्हणाली. काकांनी तिचा काळा हात दोन्ही हातांत धरून हलवला, "पुण्याची आहेस, शोभतेस!" म्हणाले. नाझूनं हात सोडवून घेतला.

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होती. मी मागे उभा राहून तिच्या डोक्यावर हात ठेवला, शाब्बास म्हटलं, भवानी पेठेतल्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले. तिनं एकदाही वर माझ्याकडे बघितलं नाही. दमली असेल असं मी धरून चाललो.

शुक्रवार

कंपनीनं दुसरं विमान पाठवलं. आम्हाला पोहोचवायला नाझू साध्या सलवार-कुर्त्यात आली आणि जिथे बंदूकधारी जवान तिकीट बघतो त्या काचेच्या दाराशी थांबली.

"आज ड्यूटी नाही?" हमीदानं विचारलं.

"आजपासून नाही. चौकशी होईपर्यंत मला सही करता येणार नाही."

"विमान अडवलंस म्हणून?" मी भडकलोच. "थांब, मी बोलतो त्या पांढऱ्या सदरेवाल्याशी! जीव वाचवलेस तू आणि वर..."

"सोडलं म्हणून, अब्बा," ती म्हणाली. "काल रिपोर्टमध्ये मी मंगळवारचंही लिहिलं. धूळ बघितली होती, कार्ड खोटं आहे हे कळलं होतं, तरी सही केली. माझी सही, माझं नाव, वेळ."

"कोणी विचारलं होतं तुला? लायसन जाईल नाझू!"

"जाईल कदाचित."

"पण तू शोधून काढलंस ना काल. तू होतीस म्हणून..."

"काल तुम्ही दोघं आत होतात म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला खिडकी मिळावी म्हणून मी यादी मागवली. त्यात तुमची नावं वाचली आणि स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. मंगळवारीही यादी होती, अब्बा. दीडशेच्या वर नावं. मी एक वाचलं नाही. तुम्ही कालच्या यादीत नसतात तर कालही मी सही करून मोकळी झाले असते."

मागे रांग लागली होती. मग त्या दारातच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, मी तिला दिवे घाटाचं सांगितलं. तक्ता, पेनं, पांडुरंग, त्या मुलाचा पाय, ड्रायव्हरच्या माथी मारलेला दोष, सगळं. दोन मिनिटांत झालं सांगून. बावीस वर्षं लागली होती.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हे मंगळवारी सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाली. "त्या मुलाचं नाव काय?"

मला नाव आठवेना. आठवेना म्हणजे, मला ते कधी माहीतच नव्हतं.

तिनं आईला मिठी मारली, मलाही मारली, आणि जवानानं हात केला तसे आम्ही आत गेलो. काचेतून ती बराच वेळ दिसत होती.

विमानाखाली त्या दिवशी दुसराच कोणीतरी इंजिनिअर होता, टोपी घातलेला. तो दोन चकरा मारून गेला. त्यानं काय बघितलं, काय नाही, त्याच्या घरचं कोणी आत होतं का, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नव्हतं. सहकारनगरचे काका डोळे मिटून बसले होते. मी पट्टा बांधला. तो पिळला होता, हमीदानं परत नीट लावून दिला.

माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या, मांडीवर गामोशात बांधलेला डबा. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, आपलं नाव काय?

हमीदानं कोपरानं ढोसलं. "अहो, परक्या बाईला नाव काय विचारताय?"

"विचारू दे," मी म्हटलं.

रेणू, असं त्यांनी सांगितलं. पुण्यालाच निघाल्या होत्या, मुलगा येरवड्याला राहतो, नातू झालाय, बारा दिवसांचा. त्याचं नाव अजून ठेवायचंय. मग मी पलीकडच्या रांगेतल्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, भार्गव. त्याच्या बाजूची त्याची बायको, मितालीच बहुतेक म्हणाली, आवाजात नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी परत विचारलं. पुढे वाकून काकांना उठवलं. ते वैतागून म्हणाले, "अहो, काय चाललंय तुमचं? अरविंद. अरविंद माझं नाव. का?"

विमान धावपट्टीवर वळेपर्यंत माझी चार नावं झाली. बाकीची राहिली.